बारा मिलिमीटरची कातडी

परवा लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुझी पीएचडी कशात म्हणालीस?" म्हटलं, "माणसाच्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यावर." काकूंचे डोळे चमकले. "म्हणजे गोरं व्हायचं क्रीम?" मी आणखी एक जिलबी वाढून घेतली.

लिहायला बसले ते काकूंसाठी नाही. जुलै २०२२ ते फेब्रुवारी २०२४ असे एकोणीस महिने मी लॅबमध्ये रंगपेशींसकट माणसाच्या त्वचेचं मॉडेल उभं करत होते. प्रोटोकॉल ढिगाने सापडले. पण एथिक्स कमिटीला (माणसांशी संबंधित संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीला) काय लिहायचं, परदेशी माल कस्टममध्ये अडकला तर कुणाच्या मागे लागायचं, आणि सगळं नीट करूनही पेशी मेल्या की पुढे काय, हे कुणी लिहून ठेवलेलं दिसलं नाही. म्हणून जसं घडलं तसं सांगते.

सुरुवात एका प्रश्नाने झाली. तोवर मी बी-१६ पेशींवर काम करत होते. या उंदराच्या मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाच्या पेशी. पुण्यात एनसीसीएस या पेशीसंशोधन संस्थेच्या पेशीभांडारातून मिळतात, गाजरगवतासारख्या वाढतात, त्यामुळे नवख्यालाही जमतात. जुलै २०२२ च्या सल्लागार समितीच्या बैठकीत मी वीस मिनिटं आलेख दाखवले. बाहेरून आलेले तज्ज्ञ सर शांतपणे म्हणाले, "छान. पण यात त्वचा कुठंय?"

त्यांचं खरं होतं. रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, त्वचेत कधी एकटी नसते. एपिडर्मिसच्या, म्हणजे त्वचेच्या वरच्या भागाच्या, अगदी तळाच्या थरात ती बसलेली असते आणि तिच्या फांद्या आजूबाजूच्या केराटिनोसाइटांपर्यंत, म्हणजे त्या भागातल्या मुख्य पेशींपर्यंत, पोचतात. एका रंगपेशीच्या पदरी साधारण ३६ केराटिनोसाइट, असा हिशोब फिट्झपॅट्रिक आणि ब्रेथनाक यांनी १९६३ मध्ये मांडला होता. ती मेलॅनिन बारीक पुड्यांत बांधते, पुड्या शेजाऱ्यांना वाटते, आणि शेजारी त्या उन्हापासून वाचायला आपल्या केंद्रकावर छत्रीसारख्या धरतात. सावळ्या आणि गोऱ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो पुड्यांच्या आकारात, संख्येत आणि वाटपात. माझ्या प्लेटमध्ये वाटप घ्यायला शेजारीच नव्हते. उंदीर वापरावा म्हटलं तर वयात आलेल्या उंदराच्या अंगावर केसांच्या मुळांशी रंगपेशी असतात, मधल्या त्वचेत जवळजवळ नसतातच. तयार मॉडेल परदेशात विकत मिळतं, पण ते जिवंत असतं, मर्यादित दिवस टिकतं, आणि त्याची किंमत ऐकून माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "आपण करू की घरी."

घरी करायचं म्हणजे माणसाची त्वचा हवी, आणि माणसाची त्वचा म्हणजे एथिक्स कमिटी.

अर्ज २२ ऑगस्ट २०२२ ला दिला. सप्टेंबरच्या बैठकीसाठी कागद एकवीस दिवस आधी लागतात हे तेव्हा कळलं. पुढची बैठक थेट १४ डिसेंबरला. (तुम्ही अर्ज लिहायला घेण्याआधी कमिटीच्या सचिवांना एक फोन करा आणि वर्षभराच्या तारखा विचारून घ्या. माझे तीन महिने या एका फोनअभावी गेले.) त्या तीन महिन्यांत संमतिपत्राचं मराठी केलं, आणि तेव्हा मला माझी भाषा येत नाही असं वाटायला लागलं. "त्वचा" म्हटलं तर पुस्तकी. "कातडी" म्हटलं तर लॅबमधले काका म्हणाले, "चपलेची वाटते." "चामडी" तर नकोच. शेवटी "ऑपरेशनमध्ये कापून काढलेली आणि एरवी टाकून दिली जाणारी त्वचा (कातडी)" असं लांबलचक वाक्य ठरलं. अभ्यासाचा उपयोग सांगताना मी कुठल्याशा जुन्या पुस्तकातला "श्वेतकुष्ठ" शब्द घातला होता. कमिटीतल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी त्याच्यावर लाल पेनाने एवढी जोरात काट मारली की कागद फाटला. कोडाचा आणि कुष्ठरोगाचा काडीचा संबंध नाही. तिथे "कोड (अंगावरचे पांढरे डाग)" लिहिलं.

बैठकीत बाहेरचे, म्हणजे शास्त्र किंवा डॉक्टरकी न करणारे, एक सदस्य असतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते असावेच लागतात. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक होते. बाकीचे माहिती किती वर्षं जपणार, नमुन्यावर नाव की सांकेतिक क्रमांक असं विचारत होते. या काकांनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही केलेली ती कातडी जिवंत असते का हो?" मी म्हटलं, पेशी जिवंत असतात, त्या वाढतात, थर धरतात. "दुखतं का तिला?" हसू आलं नाही, उलट बरं वाटलं. त्यात नसा नसतात, रक्तवाहिन्या नसतात, म्हणून दुखत नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, "मग हे वाक्य त्या कागदात घाला. पेशंट हेच विचारणार."

शंकांचं पत्र ६ जानेवारीला आलं. त्यात अकरा मुद्दे होते, त्यातला एक लहान मुलांबद्दलचा. परदेशातल्या लॅबमध्ये लहान मुलांच्या सुंतेत निघालेली त्वचा सर्रास वापरतात, कारण त्या पेशी झपाट्याने वाढतात. आमच्या कमिटीने त्यासाठी पालकांच्या संमतीचा वेगळा मसुदा मागितला. मी तो नाद सोडला आणि पोटाच्या नाहीतर स्तनांच्या शस्त्रक्रियेत निघणारी मोठ्या माणसांची त्वचा घ्यायचं ठरवलं. मंजुरीचं पत्र २० मार्च २०२३ चं. दरम्यान जैवसुरक्षा समितीही होती. त्यांनी टीपीए या रसायनावर बोट ठेवलं. रंगपेशी बाहेर वाढवण्याची युक्ती १९८२ मध्ये आयसिंगर आणि मार्को यांना साधली ती टीपीए आणि कॉलरा टॉक्सिन घालून, आणि टीपीए गाठी वाढायला मदत करतं म्हणून बदनाम आहे. आम्ही ते नसलेलं तयार माध्यम (पेशी वाढवायचं पोषक द्रावण) निवडलं. महाग पडलं, पण एक कागद वाचला.

रुग्णालय आणि आमची संस्था यांच्यातला सामंजस्य करार हा या सगळ्यातला सर्वात कंटाळवाणा भाग. दोन्हीकडचे विधी विभाग एका स्वल्पविरामावरून नऊ आठवडे पत्रव्यवहार करत होते. त्यावर जास्त लिहीत नाही.

खरेदीवर मात्र लिहायला हवं, कारण पेशी मरण्याआधी माणूस इथेच मरतो. तेव्हा, २०२३ मध्ये, सरकारी अनुदान असलं की आधी जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर, वस्तू शोधायला लागायची, नाही मिळाली की तसं प्रमाणपत्र काढायला लागायचं, मग तीन कोटेशन्स. उंदराच्या शेपटीतलं कोलॅजेन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) "प्राण्यांचे अवयव" या खाली शोधायचं की "रसायनं" हे ठरवण्यात एक दिवस गेला. १०० मिलिग्रॅमची बाटली साधारण २८ हजारांना पडली, बारा इन्सर्टचं (तळाशी सच्छिद्र पडदा असलेल्या छोट्या वाट्यांचं) पाकीट १४ हजारांना, रंगपेशींचं माध्यम पूरकांसह १९ हजारांना. अनुदान ३१ मार्चला संपणार म्हणून सगळं एकदम मागवलं आणि ते एकदम आलं, एका शनिवारी. विमानतळावर शीतसाखळीचा खोका दोन दिवस पडून होता. उघडला तेव्हा बर्फाच्या पिशव्या कोमट. कोलॅजेन टिकलं, एक वाढघटक (पेशी वाढवणारं प्रथिन) गेला. तक्रारीला उत्तर आलं की खोका स्वीकारताना तापमानाची नोंद का केली नाही. तुम्ही करा. खोका उघडायच्या आधी फोटो काढा, आत थर्मामीटर ठेवून दुसरा काढा, आणि जागतिक दर्जाच्या कुठल्याही पुरवठादाराला शुक्रवारी माल पाठवू नका म्हणून ऑर्डरवरच लिहा.

पहिला नमुना ५ जुलै २०२३ चा. आदल्या दिवशी वॉर्डात संमती घ्यायला गेले. बाई माझ्या आईच्या वयाच्या, पोटाची शस्त्रक्रिया होती. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं पोट तुमच्या फ्रिजात राहणार?" म्हटलं, "थोडंसं, मावशी." मग थांबून, "दुखणार नाही ना त्याला?" शिक्षककाकांची आठवण झाली. ते वाक्य दाखवलं. त्यांनी बोटाने ओळ धरून ते दोनदा वाचलं आणि सही केली.

ओटीबाहेर मी थर्मोकोलचा डबा घेऊन साडेतीन तास बसले. सिस्टरनी बाटली आणून दिली ती अजून कोमट होती. आत प्रतिजैविकं घातलेलं थंड माध्यम आणि तळहाताएवढी त्वचा, खाली पिवळी चरबी. डबा पायाशी ठेवून स्कूटरवर, भर पावसात, लॅबला. चरबी कात्रीने काढायची. ती बोटांतून निसटते, आणि जरा राहिली तरी पुढचं एन्झाइम आत जात नाही. मग शंकरपाळ्यांएवढे तुकडे करायचे, ते डिस्पेज या थर सुटे करणाऱ्या एन्झाइममध्ये ४ अंशांवर रात्रभर. सकाळी चिमट्याने कडा धरली की भिजवलेल्या बदामाचं साल निघावं तसा वरचा पापुद्रा, म्हणजे एपिडर्मिस, अख्खा सुटून येतो. निघतो तेव्हा त्याखालची बाजू बघा. त्या सावळ्या बाजूला रंगपेशी असतात. खाली उरलेल्या जाड पांढऱ्या थरातून फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशी, मिळतात. पापुद्रा ट्रिप्सिनमध्ये (पेशी एकमेकींपासून सोडवणारं एन्झाइम) दहा मिनिटं, गाळून, दोन वाटे: एक केराटिनोसाइटांच्या माध्यमात, एक रंगपेशींच्या.

तिसऱ्या दिवशी प्लेटमध्ये बुरशी.

पावसाळ्यात पहिले चार नमुने असेच गेले. दोन बुरशीने, एक जिवाणूंनी, एक माझ्या घाईने: ट्रिप्सिनमध्ये असताना फोन घेतला. फेकताना त्या मावशी आठवायच्या. आईला फोन केला तर ती म्हणाली, "विरजण बिघडतं तशातलं आहे, भांडं उकळून परत लाव." भांडं उकळलंच. इन्क्युबेटरची पाण्याची ताटली बदलली, हूडचा (ज्यात पेशी हाताळतात त्या निर्जंतुक हवेच्या कपाटाचा) फिल्टर तपासून घेतला, आणि त्वचा आल्याबरोबर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट बुडवून मग प्रतिजैविकांच्या तीन अंघोळी सुरू केल्या. पाचव्या नमुन्यापासून बुरशी थांबली. लॅबमधल्या काकांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात पाऊस थांबला म्हणून थांबली.

केराटिनोसाइट आठवड्यात शहाबादी फरशी बसवल्यासारख्या पसरतात. १९७५ मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी त्या उंदराच्या ३टी३ पेशींच्या गादीवर वाढवून दाखवल्या, म्हणून हे सगळं शक्य झालं. आता कमी कॅल्शियमच्या माध्यमात गादीशिवायही जमतं. रंगपेशी मात्र सावकाश वाढतात. मोठ्या माणसाच्या तर फारच. दोन्ही टोकांना ओढलेल्या लोकरीच्या धाग्यासारख्या दिसतात, आणि त्यांच्यामध्ये कधी फायब्रोब्लास्ट घुसतात ते कळत नाही. त्यासाठी जेनेटिसिन हे प्रतिजैविक कमी मात्रेत दोन-तीन दिवस देतात. फायब्रोब्लास्ट मरतात, रंगपेशी जरा रुसतात पण तगतात. दिवाळीत हेच चाललं होतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, सकाळी लॅबला जाऊन माध्यम बदललं आणि पेशींची नळी यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसलेला गोळा पाहिला. गडद तपकिरी, चहाच्या गाळासारखा. बी-१६ चा काळा गोळा शेकडो वेळा पाहिला होता. हा एका माणसाचा होता.

(याच गोळ्यातून आरएनए काढणाऱ्यांसाठी: मेलॅनिन बरोबर येतं आणि पीसीआर बंद पाडतं. मी तीन आठवडे प्रायमरला (त्या चाचणीत लागणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांना) शिव्या दिल्या. नमुना जास्त पातळ करून बघा, नाहीतर स्वच्छ करायची एक पायरी वाढवा.)

आता प्रत्यक्ष मॉडेल. कोलॅजेनच्या जेलमध्ये फायब्रोब्लास्ट ठेवले की ते जेल आवळतात आणि खालचा थर तयार होतो, ही कल्पना युजीन बेल आणि सहकाऱ्यांची. १९८१ मध्ये त्यांनी अशी त्वचा उंदरांवर बसवून दाखवली. कृती कढी करण्याइतकी सोपी वाटते आणि तितकीच फुटते. सगळं बर्फावर. कोलॅजेन आंबट असतं, त्यात माध्यम घातलं की ते पिवळं दिसतं, मग सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, पिवळ्याचं केशरी, केशरीचं फिकट गुलाबी होईपर्यंत. एक थेंब जास्त झाला की जांभळट, आणि फायब्रोब्लास्ट गेले. लगेच पेशी मिसळून इन्सर्टमध्ये ओतायचं, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, ३७ अंशांवर अर्धा तास. पिपेटची टोकं आधी फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर जेल टोकातच बसतं.

माझी पहिली आठ जेलं कडेने सुटली. फायब्रोब्लास्टांनी आवळून आवळून बारा मिलिमीटरच्या इन्सर्टमध्ये सात मिलिमीटरची टिकली करून ठेवली, आणि वर पेरलेल्या पेशी कडेच्या खंदकात पडल्या. उपाय दोन: फायब्रोब्लास्ट निम्म्याने कमी केले, आणि जेल पाच दिवस आवळू देऊन मगच मधोमध, अगदी थोड्या माध्यमात, वरच्या पेशी पेरल्या. कधी केराटिनोसाइट कमी पडले, कधी सगळं नीट असताना रात्री वीज गेली आणि जनरेटर सुरूच झाला नाही. इन्क्युबेटर सकाळी २९ अंशांवर होता.

रंगपेशी किती घालायच्या यावर मी उगाच हट्ट केला. जास्त घातल्या तर जास्त काळं दिसेल असं वाटून पाच केराटिनोसाइटांमागे एक अशा घातल्या. त्या एकमेकींना धरून गठ्ठे करून बसल्या आणि वरचे थर त्यांच्यावरून उचलले गेले. मॅडमनी नुसतं म्हटलं, "तिला शेजारी दे." दहास एकवर आले. अडीच लाख केराटिनोसाइट, २५ हजार रंगपेशी.

चालला तो घाणा १६ जानेवारी २०२४ ला पेरला. चार दिवस माध्यमात बुडवून, २० ला हवेवर आणला. म्हणजे वरचं माध्यम काढून टाकायचं, खालून पडद्यातून पोषण, वरून हवा. कॅल्शियम वाढवायचं, क जीवनसत्त्व घालायचं. हवा लागली की केराटिनोसाइटांना आपण त्वचा आहोत हे आठवतं आणि त्या थर धरायला लागतात. या चौदा दिवसांत सर्वात अवघड काम म्हणजे वरून हात न लावणं. एक थेंब वर आला तर तो कडेने टिपून घ्या, मधे पिपेट नेऊ नका. पृष्ठभाग आधी ओला चमकतो, सहाव्या-सातव्या दिवशी निस्तेज, मेणासारखा होतो. दहाव्या दिवशी पांढऱ्या कागदावर इन्सर्ट धरून बघितलं तर कागदापेक्षा चकती मळकी होती. मला भास वाटला. शेजारच्या लॅबमधल्या मुलीला, काही न सांगता, रंगपेशींशिवायची आणि रंगपेशींची अशा दोन चकत्या दाखवल्या. ती म्हणाली, "ही मळलीय का?"

३ फेब्रुवारीला फॉर्मॅलिनमध्ये. इथे एक नमुना हकनाक गेला तो सांगते. चकती इतकी बारीक आणि फिकट असते की पातळ काप काढायला मेणात बुडवल्यावर तंत्रज्ञांना ती दिसतच नाही. पहिली अख्खी छिलून गेली. पॅथॉलॉजीतल्या ताईंनी मग शिकवलं: मेणात घालायच्या आधी इओसिनचा एक थेंब लावायचा, गुलाबी होते, आणि गाळणकागदात गुंडाळून द्यायची, उभी बसवा असं चिठ्ठीवर लिहून. फॉन्टाना-मॅसन रंगाईत चांदीचं द्रावण मेलॅनिनला काळं करतं. शेजारी एक स्लाइड परमँगनेटने मेलॅनिन घालवून ठेवा, म्हणजे काळं दिसतंय ते खरंच मेलॅनिन आहे हे कुणी विचारलं तर दाखवता येतं. विचारतातच.

१२ फेब्रुवारीला स्लाइड मिळाली. चाळीसच्या भिंगाखाली तळाच्या थरात एक फांद्यांची पेशी, आणि तिच्या दोन घरं पलीकडे एका केराटिनोसाइटच्या केंद्रकावर बारीक काळे कण, वरच्या बाजूला गोळा झालेले. इन्क्युबेटरमध्ये कायम अंधार असतो. छत्री तरी धरलेली. मॅडमना बोलावलं. त्या बराच वेळ भिंगाला डोळा लावून होत्या. म्हणाल्या, "परत कर. तीनदा आलं की आलं."

दोनदा आलंय. तिसरा घाणा हवेवर आहे.

खर्च विचारणारे असतातच. अनुदानातून साडेतीन लाखांच्या आसपास, त्यातले निम्मे फेकलेल्या गोष्टींवर. माझ्या खिशातून चारेक हजार: पेट्रोल, बर्फ, झेरॉक्स, भाषांतर पुन्हा इंग्रजीत करून देणाऱ्या बाईंचं मानधन. या मॉडेलना मागणी आहे ती बरीचशी सौंदर्यप्रसाधनवाल्यांची, कारण प्राण्यांवर प्रसाधनं तपासायला भारतात २०१४ पासून बंदी आहे. एका कंपनीच्या माणसाने "उजळपणा मोजता येईल का" असं विचारलंही. येईल. मला मात्र कोडाच्या रुग्णांच्या केराटिनोसाइटांशेजारी निरोगी रंगपेशी ठेवून बघायच्या आहेत, त्या शेजारात त्या टिकतात का. त्याचा एथिक्सचा अर्ज वेगळा. यावेळी तारखा आधी विचारल्यात.

मार्चमध्ये कमिटीला वार्षिक अहवाल द्यावा लागतो. एक रकाना असतो, "घेतलेले नमुने" आणि शेजारी "नष्ट केलेले नमुने". चौदा आणि नऊ असं लिहिलं, आणि न मागता स्लाइडचा एक फोटो जोडला, शिक्षककाकांना दिसावा म्हणून. पंधरा दिवसांनी पत्र आलं. अहवाल स्वीकारला, एक शंका: फोटोवर मोजपट्टी नाही.

पट्टी लावून परत पाठवलाय.